खाल्लं कुणी न्हाई

आमच्या गावात घोटाळ्याला एकच क्रियापद होतं, खाणं. रेशनवाल्यानं रॉकेल खाल्लं, मुकादमानं रोजगार हमीचं मस्टर खाल्लं, सोसायटीच्या सेक्रेटरीनं खताची पोती खाल्ली. पोती कशी खातात हा प्रश्न लहानपणी मलाही पडायचा, पण तो विचारायची रीत नव्हती. किती खाल्लं आणि कुणाकुणात, एवढंच विचारायचं. म्हणून १९८७ च्या जुलैमध्ये गुरुजींनी वर्गात सांगितलं, की अमेरिकेत एक मोठा घोटाळा उघडा पडलाय आणि तो करणारी मुख्य माणसं काही खायला निघालेली नव्हती, तेव्हा आम्हा सातवीच्या पोरांना तो घोटाळा वाटेचना.

विषय निघाला अमिताभमुळे. त्याच महिन्यात त्यानं खासदारकी सोडली होती. आमच्या माणदेशात त्या साली पावसाचा पत्ता नव्हता, पण अमिताभ होता. जत्रेतल्या तंबूत मातीवर बसून त्याचे सिनेमे बघितलेले. एवढा मारामारी करणारा माणूस राजीनामा देतो म्हणजे काय, हे काही केल्या कळत नव्हतं. शेवटच्या तासाला एकानं हात वर केला, "गुर्जी, बोफोर्स म्हंजे काय ओ?"

गुरुजी कराडकडचे, गावातच खोली घेऊन राहायचे. त्यांच्याकडे कातडी कव्हरचा ट्रान्झिस्टर होता आणि रात्री ते त्यावर बीबीसीच्या हिंदी बातम्या लावायचे. खरखर इतकी, की बाहेर बसलेल्याला एक शब्द लागू नये. पेपर दुपारच्या एस.टी.नं यायचा, कधी दुसऱ्या दिवशी. पण पोरानं विचारलं आणि "ते तुमच्या पुस्तकात नाही" असं म्हणून गुरुजींनी टाळलं, असं कधी झालं नाही.

"खरसुंडीच्या बाजारात खोंड विकताना दलाल काय करतो?" त्यांनी उलट विचारलं.

"रुमालाखाली बोटं धरतो."

"आपल्याला दिसतात?"

"न्हाई."

"तसंच. आपल्या सरकारनं स्वीडनच्या कंपनीकडून चारशे दहा तोफा घेतल्या. सौद्यात दलाल घ्यायचा नाही असं ठरलं होतं. आता तिथला रेडिओ सांगतोय, रुमाल होता. खाली बोटं कुणाची होती, ते कळायचंय."

झालं, आम्हाला बोफोर्स कळलं. (अमिताभची बोटं त्यात नव्हती, हे पुढे यथावकाश बाहेर आलं.) पण गुरुजींचं समाधान झालं नव्हतं. "हे सोपं," ते म्हणाले. "हे खाण्याचं प्रकरण. याहून अवघड एक अमेरिकेत चाललंय. उद्या नकाशा काढू."

जगाचा नकाशा शाळेत एकच होता आणि घडीवर फाटलेला होता. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तो खिळ्याला लावला आणि छडी आधी इराणवर ठेवली. पुढचे तीन-चार दिवस शेवटचा तास असा गेला. त्यांनी सांगितलेलं आणि मी पुढे वाचलेलं आता एकमेकांत मिसळून गेलंय, तरी सांधा कुठं आहे ते अजून ओळखू येतं.

१९७९ च्या नोव्हेंबरात तेहरानमधल्या अमेरिकेच्या वकिलातीत तिथले विद्यार्थी घुसले. आतली बावन्न माणसं त्यांनी ४४४ दिवस कोंडून ठेवली. ती सुटली १९८१ च्या २० जानेवारीला, रोनाल्ड रेगन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली त्याच दिवशी. तेव्हापासून अमेरिका आणि इराण यांचं हाडवैर. मधल्या काळात, १९८० मध्ये, इराण-इराकची लढाई जुंपलेली. अमेरिकेनं इराणला हत्यारं देणं तर बंद केलं होतंच, शिवाय दुसऱ्या देशांनाही ती बजावत फिरत होती, तुम्हीसुद्धा विकू नका. गुरुजी म्हणाले, "दारूबंदीची दवंडी पिटणारा माणूस. आणि त्याच्याच मागच्या दारातनं बाटली निघाली."

मग छडी लेबनॉनवर. तिथं इराणच्या वळणातल्या हेजबोल्लाच्या लोकांनी काही अमेरिकी माणसं पळवून नेली होती. त्यांत एक पत्रकार होता, एक पाद्री होता, एक तर अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा बैरूतमधला मुख्य होता. त्यांच्या घरचे लोक रेगनना भेटून रडत होते. इथपर्यंत आमची सहानुभूती पूर्ण रेगनच्या बाजूला होती. आपलं माणूस कुणी कोंडलं तर घरातलं डाग-दागिना विकून सोडवावं लागतंच.

विकलं मात्र काय, तर रणगाडे फोडायची टो नावाची क्षेपणास्त्रं. १९८५ च्या ऑगस्टमध्ये आधी ९६, सप्टेंबरात आणखी ४०८, ती इस्रायलच्या हातून. त्याच सप्टेंबरात पाद्री सुटला. एक माणूस आणि पाचशे चार क्षेपणास्त्रं, हे गणित आमच्यातल्या एकानं वहीत मांडून बघितलं आणि भाग जातच नाही म्हणून सोडून दिलं. पुढच्या वर्षी अमेरिका स्वतःच विकायला लागली. सगळी मिळून सुमारे दोन हजार टो इराणला पोचली. १९८६ च्या नोव्हेंबरापर्यंत तीन माणसं सुटली. आणि त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरात बैरूतमधून नवीन तीन अमेरिकी पळवले गेले.

ज्या पोराची म्हैस त्याच उन्हाळ्यात कोंडवाड्यात गेली होती तो उठून म्हणाला, "गुर्जी, कोंडवाडेवाल्याला जनावरामागं पैसा मिळाया लागला की त्यो बांधावरलीबी हाकलून नेतो."

गुरुजी म्हणाले, "हे अमेरिकेला कळायला चौदा महिने लागले." आणि त्या पोराला पुढे बसवलं.

सगळ्यात जास्त रंगला तो केकचा तास. १९८६ च्या मे महिन्यात रेगनचे माजी सुरक्षा सल्लागार रॉबर्ट मॅकफार्लेन आणि ऑलिव्हर नॉर्थ नावाचा लेफ्टनंट कर्नल खोटे पासपोर्ट घेऊन गुपचूप तेहरानला उतरले. बरोबर क्षेपणास्त्रांचे सुटे भाग आणि भेट म्हणून एक केक. त्यावर किल्ली, म्हणजे मैत्रीचं कुलूप उघडो. नेमका तो रमजानचा महिना. ज्यांच्याशी बोलायचं ते मोठे लोक भेटलेच नाहीत आणि केक म्हणे पहाऱ्यावरच्या शिपायांनी खाल्ला. "म्हंजे खाल्लंच की!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला, गुरुजीही हसले. केक आमच्यातल्या फार तर दोघांनी बघितलेला, मुंबईला गिरणीत असलेल्या चुलत्यानं आणलेला. बाकीच्यांनी मनात बत्ताशाचा डोंगर धरला असणार.

निकाराग्वा सापडायला वेळ लागला, कारण नकाशाची घडी नेमकी तिथंच फाटली होती. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातला हा देश. १९७९ मध्ये तिथल्या सोमोझा नावाच्या हुकूमशहाला उलथून सँडिनिस्टा हे डाव्या विचारांचे लोक सत्तेवर आले. रेगनना ते नको होते. त्यांना पाडायला जंगलात जे सशस्त्र लोक लढत होते त्यांचं नाव कॉन्ट्रा. त्यांना अमेरिका पैसा पुरवत होती. पण त्या युद्धात खेडीपाडी जळत होती, दवाखाने-शाळासुद्धा सुटत नव्हत्या, आणि आपल्या नावानं हे चाललंय हे अमेरिकेतल्याच पुष्कळ लोकांना खपेना. मग काँग्रेसनं ते बंद पाडलं.

"काँग्रेस तितंबी हाय?" आमच्यातला एक.

तिथल्या संसदेलाच काँग्रेस म्हणतात, हे समजवण्यात गुरुजींची दहा मिनिटं गेली. तरी घरी जाऊन दोघा-तिघांनी "रेगनला काँग्रेसनं पाडलं" अशी बातमी दिलीच. तर त्या संसदेत एडवर्ड बोलंड नावाचे सभासद होते. त्यांच्या नावानं ओळखली जाणारी दुरुस्ती १९८४ च्या ऑक्टोबरात पक्की झाली: गुप्तहेर खात्यांनी कॉन्ट्रांवर सरकारी पैसा खर्च करायचा नाही. राजाच्या काळी लढाई करायची की नाही ते राजा ठरवायचा. इथं पिशवीची गाठ लोकांनी निवडलेल्या सभेच्या हातात, आणि सभेनं गाठ मारली.

नॉर्थ आणि त्याचे वरिष्ठ, सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर, यांनी काय केलं? इराणला क्षेपणास्त्रं चढ्या भावानं विकली. वरचा पैसा स्वित्झर्लंडच्या बँकेतल्या खात्यात टाकला. आणि त्यातून कॉन्ट्रांना हत्यारं धाडली. सभेनं दिलेला पैसा नव्हेच तो, मग सभेला विचारायचं कशाला, असा हिशेब. आपण देशाचं भलंच करतोय याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्या जुलैत चौकशी समितीपुढं नॉर्थ छातीवर बिल्ले लावून गणवेशात बसला आणि टीव्हीवर बघणाऱ्या कितीतरी अमेरिकी लोकांना तो वीर वाटला.

इथंच आमचं अडलं. दोन्ही कामं देशासाठी. एकात आपली माणसं सोडवली, दुसऱ्यात शत्रूशी लढणाऱ्याला मदत केली. खाल्लं कुठं?

गुरुजींनी नकाशा गुंडाळला. "समजा," ते म्हणाले, "एका गावानं ग्रामसभेत ठरवलं, दुष्काळ आहे, गायरानातली एकही बाभळ विकायची नाही. आणि देवळाच्या मंडपाचं पुढच्या सुगीला वर्गणी काढून बघू."

वर्गात चिडीचूप झालं. सगळ्यांच्या माना हळूच एका बाजूला वळल्या, जिथं सरपंचांचा पुतण्या बसायचा.

हे "समजा" नव्हतं. आमच्या गावची २६ जानेवारीची ग्रामसभा, कधी नव्हे ती भरलेली, हेच ठरवून उठली होती. गायरानात म्हाताऱ्या बाभळी होत्या. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांच्या शेंगा पडायच्या आणि शेंगांवर गावची शेळ्या-मेंढ्या जगायची. माझ्या आजीच्याही चार शेळ्या होत्या. दुष्काळात घरात येणारा रोख पैसा तेवढाच. आणि नाथाच्या देवळाचा सभामंडप दोन वर्षं नुसत्या खांबांवर उभा. सरपंच आमच्याच भावकीतले, सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. मंडपाचा त्यांनी ध्यास घेतला होता. एप्रिलात एके दिवशी गायरानात कुऱ्हाडी वाजल्या. आबांनी कोळसा पाडणाऱ्या एका बाहेरच्या माणसाला बाभळी दिल्या होत्या, आणि तो पैसा मंडपाच्या स्लॅबला लावला होता. पै न् पै. सिमेंटच्या, खडीच्या पावत्या ते कुणालाही काढून दाखवायचे. गावात दोन तट पडले, पण आबांनी खाल्लं असं वैऱ्यानंही म्हटलं नाही. आणि खाल्लं नाही म्हटल्यावर पुढं बोलायला कुणाकडे शब्दच नव्हता.

पुतण्या उठून उभा राहिला. लालबुंद. "आमच्या आबांनी खाल्लं न्हाई."

"मी म्हणालो का, खाल्लं?"

"मंग?"

"ठरवलं कुणी होतं?"

"गावानं."

"बदलायचं असेल तर कुणाला विचारायचं?"

पोरगं गप्प. दारापाशी बसणारी धनगराची मुलगी एरवी वर्षात चार वाक्यं बोलायची. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "गाव ऱ्हाऊ द्या. आमच्या शेरडास्नी तरी कुणी इच्यारलं का?"

"मन चांगलं असेल," गुरुजी पुतण्याकडेच बघत म्हणाले, आवाज न चढवता. "नॉर्थचंही असेल. पण चांगल्या मनाच्या माणसाला विचारायला अडचण काय होती? लोक नाही म्हणतील, हीच ना? मग नाही म्हणायचा हक्क लोकांना कशासाठी दिला?"

घंटा झाली म्हणून बरं.

गुरुजींच्या खोलीवर दुधाचा रतीब आमच्या घरचा, आणि तांब्या घेऊन जायचं काम माझं. त्या संध्याकाळी गेलो तर बाहेरच्या ओट्यावर आबा बसलेले. फेटा मांडीवर. मी तांब्या ठेवला आणि तसाच भिंतीला टेकून राहिलो. जा म्हणून कुणी म्हटलं नाही.

"गुर्जी, अमेरिकेचं काय शिकिवताय पोरांस्नी?"

"बातम्या सांगतो, आबा."

"त्या रेगननं पैसं खाल्लं का?"

"नाही. त्यांनी नाही."

"मंग?"

"सभेनं नको म्हटलेलं मागच्या दारानं झालं."

आबांनी तंबाखू मळायला घेतली. ती मळून झाली तरी हात थांबेनात. "इच्यारत बसलो असतो तर मंडप झाला असता का?"

"नसता झाला."

मला वाटलं, आता आबा फेटा घालून उठतील आणि उद्या गुरुजींचं काही खरं नाही. पण ते बसून राहिले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "अकरा बाभळी ठरल्या हुत्या, गुर्जी. सतरा तोडल्या भाड्यानं. मी हितं दारात बसून कुऱ्हाडी मोजत हुतो. आन् मला तोंड उघडता येईना. बोंब मारली असती तर समद्या गावाला कळलं असतं."

गुरुजी काही बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि मी आणलेल्या दुधाचा चहा टाकला. आबांनी तो बशीत ओतून प्यायला.

अमेरिकेच्या प्रकरणाबद्दल पुढे मी हाताला लागेल ते वाचत गेलो त्याचं कारण ती वरच्या सहा बाभळींची गोष्ट. तिथंही हेच झालेलं दिसतं. संसदेच्या समितीनं हिशेब लावला तेव्हा इराणच्या सौद्यात सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर वर राहिले होते, आणि त्यातले जेमतेम ३८ लाख कॉन्ट्रांपर्यंत पोचले होते. बाकीचा पैसा मधल्या व्यापाऱ्यांच्या खात्यांत. त्यांना जाब कोण विचारणार? ज्याच्याकडे तक्रार न्यायची त्याच्यापासूनच तर सगळं लपवलेलं. ब्रुनेईच्या सुलतानाकडून कॉन्ट्रांसाठी मागून घेतलेले एक कोटी डॉलर तर खाते क्रमांकातले अंक उलटसुलट पडल्यामुळे स्वित्झर्लंडमधल्या भलत्याच माणसाच्या खात्यात जाऊन बसले. आमच्या सोसायटीत असं झालं असतं तर सेक्रेटरीला दिवस उगवायच्या आत दारातून ओढून काढला असता. इथं ओरडायची सोय नव्हती. आणि खुद्द नॉर्थ? घराला धोका आहे म्हणून त्याच्या घराभोवती कुंपण आणि फाटकाचा बंदोबस्त झाला, त्याचे तेरा हजारांवर डॉलर या मधल्या व्यापाऱ्यानं भरले. त्यावरून त्याच्यावर एक गुन्हाही शाबीत झाला. कुंपणानं शेत खाल्ल्याचं आपण म्हणीत ऐकतो. इथं खरोखरचं कुंपण होतं. हे गुरुजींना सांगायला हवं होतं, पण ते तेव्हा आमच्या गावात नव्हते.

प्रकरण फुटलं ते मात्र चौकशीनं नव्हे, दोन आडबाजूच्या ठिकाणांहून. १९८६ च्या ५ ऑक्टोबरला निकाराग्वात हत्यारं टाकायला आलेलं मालवाहू विमान सँडिनिस्टा सैनिकांनी पाडलं. चौघांतले तिघे मेले. युजीन हॅसनफस नावाचा एकटा वाचला, कारण त्यानं आपली आपण पॅराशूट नेलेली होती. दोरीनं बांधलेला हॅसनफस जगानं फोटोत बघितला. मग ३ नोव्हेंबरला बैरूतच्या 'अश्-शिरा' या साप्ताहिकानं तेहरानच्या गुप्त भेटीची बातमी छापली. २५ नोव्हेंबरला अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनं दोन्ही टोकं जोडून सांगितली: इराणचा पैसा निकाराग्वात गेला. पॉइंडेक्स्टर यांनी राजीनामा दिला, नॉर्थला काढून टाकलं.

त्याआधीचे काही दिवस नॉर्थच्या कचेरीत कागद फाडायचं यंत्र चालू होतं. त्याची सेक्रेटरी फॉन हॉल हिनं काही कागद बुटात आणि कपड्यांत लपवून बाहेर नेले. संगणकावरचे निरोपही पुसले, पण संगणकाच्या व्यवस्थेत त्यांच्या नकला राहून गेल्या आणि चौकशीवाल्यांना सापडल्या. आमच्या आबांच्या बाजूनं एवढं बोलावं लागेल, की २६ जानेवारीचं प्रोसिडिंग त्यांनी फाडलं नव्हतं. बाभळी विकू नयेत हा ठराव, खाली त्यांचीच सही, तसाच वहीत होता. मी पंचवीस-तीस वर्षांनी उताऱ्यासाठी पंचायतीत गेलो तेव्हा ग्रामसेवकाला जुनी प्रोसिडिंगं मागितली. त्यानं कपाट उघडून दाखवलं. खालचा सगळा कप्पा वाळवीनं खाल्ला होता.

रेगन आधी म्हणाले, आम्ही ओलिसांच्या बदल्यात हत्यारं दिली नाहीत. १९८७ च्या मार्चमध्ये टीव्हीवर येऊन त्यांनी कबूल केलं, की मन अजूनही तसंच सांगतं, पण पुरावा वेगळं सांगतो. पैसा कॉन्ट्रांकडे वळवल्याचं त्यांना ठाऊक होतं असा भरवशाचा पुरावा चौकशीत निघाला नाही. पण ज्या हवेत हे घडलं ती हवा त्यांचीच होती, असंच विशेष वकील लॉरेन्स वॉल्श यांनी लिहून ठेवलंय. नॉर्थ आणि पॉइंडेक्स्टर दोघांना शिक्षा झाल्या, आणि संसदेपुढं अभय घेऊन दिलेल्या साक्षीचा खटल्यावर परिणाम झाला असेल, या मुद्द्यावर वरच्या कोर्टात दोन्ही रद्द झाल्या. १९९२ च्या २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आणखी सहा जणांना माफी दिली. त्यांत माजी संरक्षणमंत्री वाइनबर्गरही होते. त्यांचा खटला अजून उभाही राहिला नव्हता. दोन वर्षांनी नॉर्थ सिनेटच्या निवडणुकीला उभा राहिला आणि थोडक्यात पडला. आबाही पुढच्या निवडणुकीला उभे होते. ते निवडून आले. मंडपात लग्नं लागायला लागली होती, आणि ज्यांच्या पोरींची लग्नं तिथं लागली त्यांना बाभळी आठवायचं कारण नव्हतं.

मला राहून राहून वाटतं ते असं, की या दोन्ही हिशेबांत काही माणसं आलीच नाहीत. ती दोन हजार क्षेपणास्त्रं ज्यांच्यावर सुटली ते इराकी रणगाड्यांतले शिपाई. निकाराग्वातल्या डोंगरातली शेतकरी माणसं. वॉशिंग्टनच्या चौकशीत महिनोन् महिने प्रश्न चालला तो राष्ट्राध्यक्षांना काय ठाऊक होतं आणि कधीपासून. तो प्रश्न मोठाच. पण धनगराच्या पोरीनं विचारलेला प्रश्न त्या समितीपुढं कुणी मोठ्यानं विचारल्याचं मला वाचायला मिळालं नाही.

आजीच्या चार शेळ्यांतल्या दोन त्या भाद्रपदात विकल्या. पाला आणायला ती तीन मैल ओढ्यापर्यंत जायची. पाय दुखतात म्हणायची, आबांना कधी बोलली नाही. भावकी होती. देवळात गेली की मात्र मंडपात न थांबता सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची.

पुढच्या मे महिन्यात गुरुजींची बदली झाली. गाव म्हणालं, आबांनी केली. आबांच्या बाजूचे म्हणाले, सात वर्षं झाली होती, होणारच होती. खूप वर्षांनी कराडच्या एस.टी. स्टँडवर गुरुजी भेटले, हातात तीच कापडी पिशवी, कानाला यंत्र. मी बदलीचं विचारलं. ते म्हणाले, "आबांनी मला स्टँडपर्यंत सोडायला बैलगाडी दिली होती, एवढं मला आठवतं." मग त्यांनी गायरानाचं विचारलं. वेडी बाभळ माजलीय, असं मी सांगितलं.

"शेळ्या खातात का तिच्या शेंगा?"

"खात्यात. पर काटा फार."

त्यांची गाडी लागली होती. पिशवी दारातून आधी आत टाकून ते चढले.